दम, सूज आणि छातीतला दाब

छातीत आवळल्यासारखं होणं, चार पावलांत दम लागणं आणि संध्याकाळी पाय सुजणं या तीन तक्रारी आपल्या घरांत सहसा एकत्र मोजल्याच जात नाहीत. छातीचं खापर गॅसवर फुटतं, दम वयाच्या नावावर जातो आणि पाय ‘दिवसभर उभी असते ना’ म्हणून सोडून दिले जातात. प्रत्येकावर घरचा उपायही ठरलेला: ओवा, थोडं पडून राहणं, रात्री पायांखाली उशी. तिन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच काळात होत आहेत हे कुणाच्या ध्यानात येईपर्यंत महिने उलटतात. डॉक्टरांकडे गेल्यावरही माणूस ज्याचा त्रास जास्त तेवढंच सांगतो; पायांची सूज साडीत किंवा पायजम्यात झाकलेली राहते. या तिन्हींची सांगड घालून कारणापर्यंत कसं पोचायचं, कुठे चार दिवस थांबून चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही, ते इथे सांगायचं आहे.

आधी जिथे थांबून चालत नाही ते. छातीत मधोमध दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटतंय आणि ते ५-१० मिनिटांत ओसरत नाही, दरदरून घाम सुटलाय, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत चाललंय, बसल्या जागी इतकी धाप लागलीय की एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, शुद्ध हरपली, खोकल्यातून रक्त किंवा गुलाबी फेस आला. यातलं काहीही एक दिसलं तरी हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. रुग्णाला जिना चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून खाली आणा. दम लागलेल्या माणसाला आडवं करू नका. पाठीला टेकू देऊन, पाय खाली सोडून बसवा. त्याला स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका. शेजारच्या काकांची जिभेखाली ठेवायची गोळी देऊ नका, कारण रक्तदाब आधीच घसरलेला असेल तर ती त्याला आणखी खाली नेते. अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची का, हे फोनवर किंवा गाडीतल्या डॉक्टरांना विचारा. पूर्वी अल्सर, रक्तस्राव किंवा औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर ते तेव्हाच सांगा. आणि जोरजोरात खोकत राहिलं की हार्ट अटॅक टळतो असा जो संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय, त्यावर एक मिनिटही घालवू नका.

रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो चांगला आला की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि घरी न्यायची घाई करतात. ती घाई महागात पडते. पहिला ईसीजी व्यवस्थित असूनही हार्ट अटॅक असू शकतो. म्हणून डॉक्टर काही वेळाने दुसरा काढतात, रक्तात ट्रोपोनिन तपासतात आणि तीही तपासणी काही तासांनी पुन्हा करतात. मधुमेही माणसांत, वयस्कर मंडळींत आणि बायकांमध्ये तर छातीत दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ, घाम किंवा अचानक आलेला प्रचंड थकवा एवढंच दिसू शकतं. घरात ५० च्या पुढच्या, मधुमेह असलेल्या माणसाला ‘आज अचानक ॲसिडिटी झाली’ असं वाटलं, तर आधी ईसीजी आणि मग अँटासिड, हा क्रम ठेवा.

आता रोजचं, हळूहळू वाढत जाणारं दुखणं. त्याची सुरुवात पायांपासून करा, कारण पाय घरी तपासता येतात. संध्याकाळी माणसाला बसवा. घोट्याच्या थोडं वर, आतल्या बाजूला, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा आणि दहाएक सेकंद घट्ट दाबून धरा. अंगठा काढल्यावर तिथे खळगा पडला आणि तो सावकाश भरून आला, तर पायांत पाणी साठलंय. नुसता मोज्याचा वळ उठणं म्हणजे सूज नव्हे. दोन्ही पायांवर दाबून पाहा. खळगा कुठपर्यंत पडतो, घोट्याशी, पोटरीपर्यंत की गुडघ्याच्याही वर, हेही पाहा आणि तारीख घालून लिहून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतात, कारण पाणी खालच्या बाजूला उतरतं. त्यांच्या कमरेवर, माकडहाडाजवळ दाबून पाहायचं असतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सूज डोळ्यांना दिसायला लागेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी जमलेलं असतं. म्हणजे वजनाचा काटा पायांच्या आधी बोलतो.

दोन्ही पाय सारखे सुजतात आणि सोबत दम लागतो तेव्हा पहिला विचार हृदयाचा करायचा. हृदय कमजोर झालं, म्हणजे ज्याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, की ते बंद पडलं असं नाही. शरीराला हवं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, मागे तुंबारा होतो. डाव्या बाजूचा तुंबारा फुप्फुसांत, म्हणून दम. उजव्या बाजूचा पायांत, पोटात आणि मानेच्या शिरांत. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं, आणि सूज आणखी वाढते.

हा दम ओळखायची खूण झोपेत असते. गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक आजी आल्या होत्या, कोरड्या खोकल्यासाठी. दोन महिने खोकल्याची औषधं बदलून झाली होती. झोप कशी लागते विचारल्यावर त्या ‘लागते की’ म्हणाल्या. सुनेने मात्र सांगितलं, “आडव्या होतच नाहीत हो त्या. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. आणि रात्री बारा-एकला उठून खिडकीशी जाऊन बसतात, कोंडल्यासारखं होतं म्हणतात.” पाय पाहिले तर दोन्ही घोट्यांवर अंगठाभर खळगा. जोडवी बोटांत रुतायला लागली म्हणून त्यांनी दोन आठवड्यांपूर्वीच काढून ठेवली होती. खोकला फुप्फुसांतल्या पाण्याचा होता. आडवं झालं की पायांतलं पाणी रक्तात परत येतं, फुप्फुसांवर भार पडतो. म्हणून झोपल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून जाग येते आणि उठून बसलं की बरं वाटतं. उशा किती लागतात, एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन कधी झाल्या, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वाकून चपला घालताना दम लागतो का, तेही सांगा.

त्या आजींच्या टूडी इकोच्या कागदावर हृदयाचं पंपिंग ६० टक्के लिहिलं होतं. मुलगा म्हणाला, म्हणजे हृदय नॉर्मल आहे. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही भेटतो. ५० ते ७० टक्क्यांचा आकडा एवढंच सांगतो की हृदय आकुंचन नीट पावतंय. पण वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने, लठ्ठपणाने हृदयाची भिंत ताठर होते, ते सैल पडून नीट भरत नाही आणि मागे तुंबारा तेवढाच होतो. उतारवयातल्या बायकांमध्ये हा प्रकार बराच आढळतो. इकोचा आकडा चांगला आणि लक्षणं मात्र अशी असतील, तर ‘एनटी-प्रोबीएनपी’ ही रक्ततपासणी करावी का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. हृदयावर ताण असला की हा आकडा वाढतो. यावर आता चांगली औषधं आहेत. तेव्हा ‘वय झालं’ एवढ्यावर कुणी बोळवण केली तर दुसरं मत घ्या.

हृदय कमजोर होण्यामागे जुना हार्ट अटॅक असतो, न तपासलेला रक्तदाब असतो, दारू असते, थायरॉइड असतो, अनियमित ठोके असतात. आपल्या देशात दोन कारणं आणखी ध्यानात ठेवावी लागतात. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजले, ताप आला आणि तो आमवात म्हणून विसरला गेला, अशा मुलीच्या हृदयाची झडप हळूहळू अरुंद होत जाते. विशी-तिशीत, बऱ्याचदा पहिल्या गरोदरपणातच, तिला अचानक दम लागायला लागतो आणि सासरी ‘नाजूक आहे’ म्हणतात. दुसरं कारण क्षयाचं. क्षय हृदयाच्या आवरणालाही होतो. ते जाड आणि घट्ट झालं की पायांच्या आधी पोट फुगतं, मानेच्या शिरा टरटरून दिसतात, आणि लोक यकृताच्या आजारावर उपचार करत बसतात.

एकच पाय सुजला तर सगळाच विचार बदलतो. एक पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दुखतेय. तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली की अचानक दम, श्वास आत घेताना छातीत टोचणं, कधी खोकल्यातून रक्त, कधी सरळ चक्कर. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, पायाला प्लास्टर, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या, बरेच दिवस अंथरुणात, बाळंतपणानंतरचे आठवडे, आणि मुलांना भेटायला अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांचा लांबचा विमानप्रवास, या सगळ्यांत गुठळीचा धोका वाढतो. अशा पायाला तेल लावून चोळू नका. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे पाय दुखला की पहिला हात तेलाच्या वाटीकडे जातो आणि बाळंतिणीला तर रोजची मालीश असते. चोळल्याने गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. सोबत दम असेल तर ती तातडीची वेळ आहे, १०८. बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उठू न देण्याचा आग्रहही सोडायला हवा. तिने घरात हिंडतं-फिरतं राहणं तिच्या शिरांसाठी गरजेचं आहे. एक पाय वर्षानुवर्षं सुजलेला असेल, कातडी जाड झाली असेल, तर तो प्रश्न वेगळा: गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोग, इतरत्र फुगलेल्या शिरा. त्याने दम लागत नाही.

गरोदर बाईच्या पायांवर थोडी सूज येतेच, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. २० आठवड्यांनंतर हात आणि चेहरा सुजला, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर रक्तदाब ताबडतोब मोजा. तो १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका असतो. शिवाय शेवटचा महिना आणि बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात काही जणींचं धडधाकट हृदयही कमजोर पडतं. बाळाला पाजताना उठून बसावं लागतंय, आडवं होववत नाही, असं ती म्हणाली तर त्याला अशक्तपणा समजू नका, इको करा.

बाकीची कारणं थोडक्यात. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला न विरणारा फेस असेल तर मूत्रपिंडाकडे पाहा. पोट मोठं, हातपाय काटकुळे, डोळे पिवळसर आणि दारूचा इतिहास असेल तर यकृताकडे. आवाज घोगरा, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही आणि सूज दाबली तरी खळगा पडत नाही, तर थायरॉइड. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या किंवा चुलीपुढे आयुष्य गेलेल्या माणसाची फुप्फुसं खराब झाली की हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो आणि पाय सुजतात. चुलीपुढच्या बाईने कधी विडीला हात लावला नसला तरी तिला हा आजार होतो, हे घरच्यांना पटत नाही. छातीत घरघर, पहाटे वाढणारा दम आणि इनहेलरने आराम असेल तर दमा.

रक्तक्षयाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जातं आणि शरीर जुळवून घेतं. बाई ७ च्या हिमोग्लोबिनवरही पाणी भरते, शेतात जाते. मग एक दिवस छातीत धडधडतं, जिना चढताना आवळतं, पाय सुजतात. गोळ्या सुरू करणं सोपं आहे. रक्त कुठे जातंय ते शोधणं विसरू नका. पाळीत जास्त जातंय का, मूळव्याध आहे का, शौचाला काळं होतंय का? पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन उतरलं असेल तर पोट आणि आतडी तपासायलाच हवीत.

भीतीच्या झटक्यातही छाती आवळते, दम लागतो, हाताला मुंग्या येतात. तो त्रास खरा असतो. पण त्याने पायांत खळगा पडत नाही. टेन्शनचं आहे, हा निष्कर्ष हृदय आणि फुप्फुसं तपासून झाल्यावरचा.

अनेकदा कारण घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडतं. रक्तदाबासाठी दिली जाणारी अ‍ॅमलोडिपिन ही गोळी कित्येकांचे घोटे सुजवते, विशेषतः मात्रा १० मिलिग्रॅम असली तर. सोबत दम नसेल, वजन वाढत नसेल, तर ही सूज घातक नाही. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या त्याहून वाईट. त्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंड दुखावतात आणि हृदय कमजोर असलेल्याला चार दिवसांत रुग्णालयात पोचवू शकतात. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं असा अनुभव वारंवार येतो. पुडी घेतल्यावर दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं आणि पुढे चेहरा गोल झाला, तर संशय घ्या. मेडिकलवाल्याकडून आणलेली लघवीची गोळीही तशीच धोक्याची: सूज उतरते, सोडियम-पोटॅशियम बिघडतं आणि मूळ आजार झाकला जातो. कारण कळण्याआधी घट्ट मोजेही चढवू नका.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून न्या. सोबत घरातलं असं माणूस न्या ज्याने रुग्णाला रात्री पाहिलंय. दम किती लागतो हे सांगताना ‘खूप’ म्हणू नका. दिवाळीत बाजारातून पिशव्या घेऊन न थांबता यायचे, आता कोपऱ्यावरच्या दुकानाशी टेकावं लागतं, असं सांगा. फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन, लघवीतलं प्रथिन, थायरॉइड, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे यांपासून सुरुवात करतील; त्यावरून इको लागतो का ते ठरतं. थेट मोठ्या शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत दोन आठवडे थांबण्यापेक्षा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात या तपासण्या आधी उरकून घ्या. अँजिओप्लास्टी किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे भरती होतानाच करा, बिल झाल्यावर नव्हे.

हृदयाचं निदान झालं असेल तर घरी वजनकाटा हवाच. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर सूज दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा साधारण एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. भाजीतलं मीठ कमी करून पानात पापड, लोणचं, सांडगी मिरची, सुकट, फरसाण आणि चहासोबत खारी चालू ठेवली तर हाती काही लागत नाही. सैंधवही मीठच आहे. ते उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालतं असं नाही. पाण्यात टाकली की फसफसणारी ॲसिडिटीची पावडर सोडियमने भरलेली असते. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ आणि रोजचं शहाळं, दोन्हींत पोटॅशियम भरपूर, तेव्हा मूत्रपिंड कमजोर असेल तर विचारल्याशिवाय नको.

लघवीच्या गोळीची एक अडचण बायका सहसा बोलून दाखवत नाहीत. लग्नाला किंवा देवदर्शनाला निघायचं, एसटीत चार तास बसायचं, वाटेत धड स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या दिवशी गोळी टाळली जाते. लग्नसराईत असे दिवस लागोपाठ येतात, त्यात पंगतीतलं खारट जेवण, आणि आठवड्याने दम वाढून भरती व्हावं लागतं. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का ते विचारा. पुष्कळांना ती मुक्कामी पोचल्यावर दुपारी घेतली तरी चालते.